अडतीसची रेघ

बाबांची नाडी मिनिटाला अडतीसवर आली तेव्हा चार जणांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या चारांत त्यांची स्वतःची मुलगी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्या टाळ्या आठवून तिने किती वेळा मान खाली घातली ते तिचं तिला ठाऊक, पण त्या दुपारी तिला वाटलं होतं की बारा वर्षांच्या नोकरीचं आज चीज झालं.

नोकरी मोटारींची होती. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींची नव्हे. अजून पंधरा वर्षांनी ज्या येतील, किंवा येणारही नाहीत, अशा मोटारींची. मोठ्या कारखान्याच्या मागच्या अंगाला उंच काचांचा एक लांबलचक हॉल होता. तिथे ही मंडळी न झालेल्या गाड्या कागदावर काढत, मातीत घडवत आणि बहुतेक वेळा मोडून टाकत. नावाने कोणी कोणाला बोलावत नसे. चाकं काढणारा तो चाकवाला, दिवे काढणारा दिवेवाला, मोजमापाच्या तारा जोडणारा तारवाला. मातीची अख्खी गाडी पोलादी पट्टीने खरवडून गुळगुळीत करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, ते मातीकाका. बाबांची ही मुलगी गाडीच्या आतली बैठक काढायची, म्हणून आसनवाली. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले साहेब कुठलंही चित्र समोर आलं की आधी 'कमी करा' म्हणत. रेषा कमी करा, बटणं कमी करा, रंग कमी करा. पाठीमागे त्यांना कमीसाहेब म्हणत हे वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी वरून हुकूम आला की पुढच्या काळातल्या माणसाला वेग नको आहे, शांतता हवी आहे. गाडी आपली आपण चालेल, माणूस नुसता बसेल. मग त्याने बसावं कसं? कोणीतरी म्हणालं, कोरियातल्या लोकांनी या नुसतं बसण्याचा फार बारकाईने विचार केलाय. झालं, तिथल्या एक बाई तीन आठवड्यांसाठी पाहुण्या म्हणून आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या. थकलेली माणसं चार दिवस येऊन गप्प बसतील असं एक घर त्या आपल्या देशात चालवत होत्या.

पाहुण्या बाईंनी पुष्कळ शिकवलं. तिकडच्या जुन्या घरांत ऊब जमिनीखालून येते, तिला ओंदोल म्हणतात. म्हणून गाडीतही ऊब तळातून यावी आणि बैठक जमिनीजवळ असावी. काचेवर जाड कागद लावला की उजेड मऊ होतो. मोकळी जागा दिसली की ती भरायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं ते मॉंग. पाण्याकडे, विस्तवाकडे पाहत किंवा कशाकडेच न पाहता नुसतं रिकामं बसणं. त्याच्या तिकडे चक्क स्पर्धा होतात आणि नाडी मोजून नंबर काढतात, हे ऐकल्यावर चाकवाला म्हणाला की आमचा मेव्हणा गेली सहा वर्षं याच स्पर्धेची तयारी करतोय, फक्त आम्हीच त्याला ऐतखाऊ समजत होतो.

बाईही हसल्या. पण त्यांचा एक नियम होता आणि त्याबाबतीत त्या हसत नसत. माणूस चाळीस मिनिटं बसला की शेवटी दारातून त्याला एकदाच, हळू आवाजात हाक मारायची आणि तो कसा परत येतो ते बघायचं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी त्याचं कारण सांगितलं होतं: जो शांत असतो तो हाकेसरशी येतो; ज्याला यायला वेळ लागतो तो शांत नव्हता, तो गेलेला होता. आसनवालीने हे वाक्य चाचणीच्या कागदावर आपल्या हाताने उतरवून घेतलं. मग बाई परत गेल्या.

हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडची अर्धी गाडी उभी राहिली. चाकं नाहीत, इंजिन नाही. आत बुटकी बैठक, खाली कोमट तळ, खिडक्यांना कागद. सगळे तिला खोका म्हणत. बैठकीच्या पाठीत तारवाल्याने नाडी मोजायच्या पट्ट्या बसवल्या होत्या आणि त्यांची रेघ बाहेरच्या पडद्यावर उमटे. पुढे ही गाडी माणसाची नाडी ओळखून ऊब आणि उजेड कमीजास्त करणार होती. पण शांत म्हणजे काय, हे गाडीला आधी कोणीतरी शिकवायला हवं. त्यासाठी एका शांत माणसाची रेघ हवी होती, आणि ती काही सापडेना. ऑफिसातली पोरं आत बसली की खिशातल्या फोनला हात लावायला तळमळायची. रेघ करवतीच्या दातांसारखी यायची. शेवटी आसनवालीने आपल्या वडलांना आणायचं ठरवलं.

ती आईबाबांजवळच राहत होती. आईने हे ऐकलं आणि हातातलं काम टाकून हसत सुटली. तिचं म्हणणं, शांत बसायला यांना नेण्यापेक्षा आपला मिक्सर ने, तो निदान बटण बंद केल्यावर थांबतो. आईचं काही चुकलं नव्हतं. बाबांनी चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली होती आणि त्यांचा राग कायम नाकावर असे. निवृत्त झाल्यावर रस्त्यावरचे लोक भांडायला मिळेनात, तेव्हा ते वर्तमानपत्राशी भांडू लागले. सकाळी बातम्या मोठ्याने वाचायच्या आणि प्रत्येक बातमीला खडसावायचं.

पण खोक्यात नवल घडलं. बाबांनी आधी बैठक थोपटून पाहिली, मांडीखाली दोन बोटं आधार कमी आहे म्हणून सांगितलं (तो होताच कमी, बारा वर्षांच्या अनुभवी मुलीच्या लक्षात आला नव्हता), आणि मग ते जे बसले ते बसलेच. दहा मिनिटांत रेघ खाली येऊ लागली. पहिल्या दिवशी बावन्न. चाळीस मिनिटं झाल्यावर तिने दारातून हाक मारली, तर त्यांनी ताबडतोब मान वळवली आणि म्हणाले, "आहे."

बाहेर आल्यावर त्यांनी त्या 'आहे'ची गोष्ट सांगितली. दुपारचं जेवण झालेलं, रस्ता सरळ, ऊन समोरून. अशा वेळी ड्रायव्हरची तंद्री लागते. म्हणून त्यांचा कंडक्टर मागून दर थोड्या वेळाने विचारायचा, आहात का? आणि बाबा म्हणायचे, आहे. रस्त्याकडेचे दोन खांब मागे जाईपर्यंत उत्तर आलं नाही तर कंडक्टरने जागा सोडून पुढे धावत यायचं, असं त्या दोघांत ठरलेलं. चौतीस वर्षांत त्याला एकदाही धावावं लागलं नाही. "तुमच्या त्या पाहुण्या बाई शहाण्या दिसतात," बाबा म्हणाले. "त्यांनी कधीतरी बस चालवली असणार."

अडचण एवढीच झाली की हाक मारली की रेघेत एक टोकदार डोंगर उमटायचा. चाळीस मिनिटं गोगलगाईसारखी सरकत आलेली रेघ शेवटी एकदम उसळायची. कमीसाहेबांनी कागद लांब धरून पाहिला आणि त्या डोंगरावर बोट ठेवलं. काय म्हणाले ते सांगायला नकोच. आसनवालीने वाद घातला नाही. तिलाही मनातून ती रेघ खाली जाऊन खालीच राहिलेली हवी होती. संचालकांपुढे भिंतभर मोठी करून लावायची होती. तिने पेन घेतलं आणि हाकेची ओळ आपल्याच हाताने खोडली.

पुढच्या आठवड्यात खोक्यातून उतरताना बाबांनी विचारलं, "आज हाक नाही मारलीस?"

"आता नाही मारत."

"का बरं?"

"रेघ बिघडते, बाबा."

"रेघ बिघडली तर बिघडली. ड्रायव्हर जागा आहे ते तर कळतं." एवढं बोलून ते चपला शोधू लागले.

मग सत्तेचाळीस आले, मग त्रेचाळीस, आणि पाचव्या आठवड्यात अडतीस. तेव्हाच्या त्या टाळ्या. तारवाला टाळ्या वाजवता वाजवता म्हणालासुद्धा, एवढी कमी नाडी म्हणे धावपटूंची असते. त्यावर दिवेवाला म्हणाला, चौतीस वर्षं स्टिअरिंग ओढणं म्हणजे काय कमी खेळ आहे? सगळे हसले. घरी जाताना तिला ते धावपटूंचं बोलणं एकदा आठवलं, आणि तिने ते कानामागे टाकलं. बाबांची रेघ हेच आता गाडीचं माप ठरलं होतं. बसणाऱ्याची नाडी अडतीसच्या जवळ येईपर्यंत गाडी ऊब वाढवत नेणार, उजेड मंद करत नेणार.

बाबांना याचा केवढा अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, की माझ्या बसण्यावरून मोटार बनतेय. मुलीच्या ऑफिसात आपला काही उपयोग होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही नव्हतं.

घरातही ते शांत झाले होते. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागलं. जिना चढताना मधल्या पायरीवर बसत आणि तिथेच पाच मिनिटं भिंतीकडे बघत. तिला वाटे, आपल्या बैठकीने चमत्कार केला. मॉंग यांच्या अंगात मुरलं. एकदा त्यांच्या हातून कप पडला. हातातून निसटला म्हणाले आणि तुकड्यांकडे बघत उभे राहिले.

त्या दिवशी आई तिच्या खोलीत आली, दार लोटलं आणि उभ्या उभ्याच बोलली. "हे शांत झालेत असं तुला वाटतं? मला तर ते मंद होत चाललेत असं दिसतंय. काल मी भाजी जाळली, तरी काही बोलले नाहीत."

"आई, चाळीस वर्षं त्यांच्या ओरडण्याची तक्रार केलीस. आता ओरडत नाहीत तर त्याचीही तक्रार?"

आईने लोटलेलं दार पुन्हा उघडलं. जाताना म्हणाली, निदान डॉक्टरांना एकदा दाखवू. संचालक बघायला येणार होते ते गुरुवारी, आणि तो दिवस होता सोमवार. बाबांना खोक्यात बसवूनच गाडी दाखवायची ठरली होती. गुरुवार होऊन जाऊ दे, मग शुक्रवारी मीच नेते, असं तिने सांगितलं. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

गुरुवारी अकरा खुर्च्या मांडल्या गेल्या. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि सगळ्या संचालकांना नमस्कार करून आत बसले. खोक्याचं कागदी दार लागलं. मोठ्या पडद्यावर रेघ सुरू झाली आणि आसनवाली पाठ केलेलं बोलू लागली: ऊब, उजेड, मोकळी जागा, येणाऱ्या काळातला माणूस. रेघ चव्वेचाळीस, मग एकेचाळीस, मग अडतीस. तिथे ती थांबायला हवी होती. छत्तीस. संचालकांपैकी एक बाई पुढे झुकून शेजाऱ्याला हळूच 'सुंदर' म्हणाल्या. तेहतीस.

मातीकाका मागे भिंतीशी उभे होते. ते खुर्च्यांना वळसा घालून आले, कोपरापर्यंत मातीने माखलेले तसेच, आणि तिच्या कानाशी म्हणाले, "पोरी, हाक मार त्यांना."

ती म्हणाली, "अजून बारा मिनिटं आहेत, काका."

हे ती म्हणाली. नंतर तिने स्वतःला कशाचीही माफी दिली असती, पण या पाच शब्दांची नाही. मातीकाका हलले नाहीत. तिने पडद्याकडे पाहिलं. एक ठोका उमटला, मग रेघ सपाट गेली, किती तरी लांब गेली, आणि मग कुठे दुसरा ठोका उमटला.

"बाबा," ती म्हणाली. हळू, पाहुण्या बाईंनी शिकवल्यासारखी. मग मोठ्याने. मग अकरा खुर्च्यांसमोर, घसा फाटेपर्यंत. जो डोंगर तिने खोडून टाकला होता त्याची वाट बघत ती पडद्यापुढे उभी होती, आणि डोंगर येत नव्हता. दाराची कडी आतल्या बाजूने होती. दार दिसायला साधं हवं म्हणून बाहेरची तिनेच काढायला लावली होती. मातीकाकांनी हातातल्या पट्टीने कागद उभा फाडला. आत बाबा अर्धवट डोळे उघडे ठेवून बसले होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. ती गुडघ्यांवर बसली तेव्हा गुडघ्यांना तळाची छान ऊब लागली आणि हातात घेतलेला त्यांचा हात गार होता.

"बाबा, आहात का?" तिने विचारलं. ते काही बोलले नाहीत.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा झालाय, यंत्र बसवावं लागेल, वेळेवर आणलंत. मग त्यांनी विचारलं की हे कधीपासून चालू असेल, आधीची नाडी कुठे मोजलेली आहे का. होती ना. सहा आठवड्यांची, ठोक्या ठोक्याची, उत्तम कागदावर छापलेली. तारवाल्याने धावत जाऊन ती आणली. डॉक्टर बाईंनी एकेक पान उलटून पाहिलं. "एवढं मोजत होता तुम्ही," त्या म्हणाल्या, "आणि कोणालाच दाखवलं नाहीत?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. आई बाकावर बसून ऐकत होती आणि तिने मुलीकडे मुद्दाम पाहिलं नाही.

यंत्र बसलं. नाडी साठाच्या खाली उतरणार नाही अशी सोय झाली. आईचा जीव भांड्यात पडला. कमीसाहेबांनी फुलं पाठवली, दोनदा फोन करून चौकशी केली, माणूस काही वाईट नव्हता. तिसऱ्या फोनला म्हणाले की संचालकांना कल्पना मनापासून आवडली आहे. रेघ तीच ठेवू, शेवटचा भाग तेवढा कमी करू. ती म्हणाली की ती रेघ आजारी माणसाची आहे, तिच्यावरून शिकलेली गाडी चांगल्या माणसालाही आजारी करायला बघेल. ते म्हणाले, प्रदर्शनात मांडायच्या गाडीत खरं कोण बसतंय? महिनाभर ती हेच कागदावर लिहून देत राहिली. गाडी पुढे गेली की नाही ते तिला कोणी सांगितलं नाही. तिला दारांच्या कड्यांची चित्रं काढायच्या कामावर बदललं. आसनवालीची कडीवाली झाली. ती बाहेरून एका हाताने उघडणाऱ्या कड्या काढते, आणि सांगितलं तरी त्या कमी करत नाही.

बाबा घरी आले आणि पंधरवड्यात त्यांचा राग नाकावर परत आला. बातम्यांची पुन्हा खरडपट्टी निघू लागली. एका सकाळी वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांनी विचारलं की माझी रेघ भिंतीवर लावली का. तिला आधी वाटलं, सांगू नये. मग तिने सांगितलं. "बाबा, ती शांतता नव्हती. ते तुमचं दुखणं होतं. आम्हाला कळलं नाही आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा."

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मला वाटलं होतं," ते म्हणाले, "मला ते जमलं."

तिला रडू आलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, की ती हाक काढून टाकली कोणी.

"मीच."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वर्तमानपत्र उचललं. त्या दिवशी मात्र ते एकाही बातमीला काही बोलले नाहीत.

तेव्हापासून तिला शांतता सोसेनाशी झाली. बाबा दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि ती आतल्या टेबलावर कड्या काढत बसे. वर्तमानपत्राचा आवाज थांबला की तिचा हात थांबे. ती आतून विचारी, बाबा, आहात का? आणि बाहेरून उत्तर येई, आहे. पाच मिनिटांनी पुन्हा. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर चिडणारे बाबा या एका गोष्टीवर कधी चिडले नाहीत. पण त्या पलीकडे तिच्याशी फारसं बोलतही नव्हते.

एका दुपारी ती समोरच्या कागदाकडे पाहत बसली होती. पेन्सिल हातात होती, कागद कोरा होता. मनात पुन्हा मातीकाका कानाशी आले होते आणि ती म्हणत होती, अजून बारा मिनिटं आहेत. रोज ती याच जागी येऊन अडकायची. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. आज तिने एकदाही विचारलं नव्हतं, हेही कळलं नाही.

"आहेस का गं?" गॅलरीतून बाबांनी विचारलं.

तिने ऐकलं. तोंड उघडलं, पण घशातून काही येईना. बाहेर क्षणभर काही हललं नाही. मग खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला, आणि बाबांची पावलं, डॉक्टरांनी घाई करू नका म्हणून बजावलं असतानाही, पटपट आत येऊ लागली.

"आहे," ती म्हणाली. "आहे, बाबा."